मानाच्या जागेवरचा मॉनिटर

बुरुलच्या दोन मॉनिटरांना कुणी हात लावला की तिचं डोकं फिरायचं. नारिन गावात घरी बसून ती शाळेच्या पुस्तकांची पानं छपाईसाठी लावायची. एका मॉनिटरवर लेखकाचा मजकूर, दुसऱ्यावर पान. आणि आज तिची आपा, म्हणजे आई, त्यातला एक बगलेत मारून बैठकीच्या खोलीकडं निघाली होती.

"आपा, अगं मॉनिटर आहे तो, परात नाही! आडवा काय धरतेस?"

"माझ्या सत्तरीला माझे दोन्ही लेक पंगतीला बसणार. प्रत्येकाचा मॉनिटर वेगळा. बाकी मला काही सांगू नकोस."

या सगळ्याला कारण मार्लिस. थोरला, मॉस्कोत टॅक्सी चालवणारा. नौरुजच्या सणाला दोन्ही भाऊ व्हिडिओ कॉलवर, एकाच मॉनिटरवर आले होते, आणि आपानं कौतुकानं त्याचा फोटो काढून दोघांना पाठवला. त्यात सोल शहरातल्या कारखान्यात काम करणारा धाकटा तालाय वरच्या चौकटीत, मार्लिस खालच्या. झालं! "मला दाराशी, धाकट्याच्या जागी बसवलंत काय?" म्हणून तो जो रुसला, तो भावाशी बोलेनाच. पन्नाशीचा घोडा, पण अक्कल बघा! आजही तो रुसून गेला तर आपा अंथरूण धरेल, हे बुरुलला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर दातओठ खात का होईना, ती वायरी सोडवत होती.

"मार्लिस दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या जागी," आपानं बजावलं. "आणि खाली गादी घाल. माझं लेकरू उघड्यावर बसायचं नाही."

"आपा, तो मॉनिटर आहे."

"असेल. आत मार्लिस आहे ना?"

कॅमेरा दाराजवळच्या फळीवर ठेवून पहिल्यांदा जोडलं तर दोन्हींवर मार्लिसच. आपा हरखली, "अगंबाई, दोन दोन!" मग चेहरा पडला. "पण माझा तालाय कुठं गेला?"

बुरुलनं ते निस्तरलं, तोवर आपानं वयाचा मान राखायला मॉनिटरांचीच अदलाबदल करून ठेवली होती. कॉम्प्युटरला ते कोण सांगणार? माउसचा बाण डावीकडं न्यावा तर तो उजव्या टोकाला उगवायचा.

"अगं, मानाच्या जागी तालाय बसला!" आपा किंचाळली.

"ऐकलं मी," मार्लिस तिकडून गुरगुरला. "चाललो."

"थांब रे बाबा!" बुरुल ओरडली. "मी इथं मरमर मरतेय आणि तुला मानपान सुचतोय!" तिनं डावं-उजवं बदललं, मार्लिसला ओढत मानाच्या जागी आणलं, आणि तेवढ्यात त्याचा मॉनिटर काळा झाला.

वायरीचं तोंड ढिलं झालं होतं. दाबून धरलं की मार्लिस, सोडलं की अंधार. चिकटपट्टीनं काही भागेना. शेवटी बुरुल मॉनिटरच्या मागं, भिंतीला पाठ टेकून, वायर धरून बसली.

मटण आलं. रिवाजाप्रमाणं आपानं हाडं वाटली. सगळ्यात मोठं मार्लिसपुढं, त्याखालचं तालायपुढं. वाफेनं काच धुरकटली, ती तिनं डोक्यावरच्या रुमालाच्या टोकानं पुसली.

"बाइके, आधी तू सुरू कर," तालाय थोरल्याला म्हणाला. बाइके म्हणजे दादा.

मार्लिसनं भावाकडं निरखून बघितलं. म्हणाला, "खा रे तू. किती वाळलायस."

आपाच्या डोळ्यांना धार लागली. मागं बुरुलच्या हाताला मुंग्या आल्या होत्या आणि पोटात कावळे कोकलत होते. भाऊ परदेशी गेल्यापासून आपाचं दुखणंखुपणं, कोळसा, पाणी सगळं तिच्याच गळ्यात. पंगतीत तिची जागा दाराशी, चहाच्या समोवारजवळ. आज तीही नाही. तिला भयंकर राग आला, आणि रागाच्या मागोमाग रडू.

"बुरुल कुठंय?" मार्लिसनं विचारलं. "मघापासून दिसत नाही."

"तुझ्या मागं," आपा म्हणाली. "वायर धरून बसलीय. तिनं सोडली की तू जातोस."

"जेवली का?"

आपानं पंगतीवरून नजर फिरवली. बुरुलचं ताट मांडलंच नव्हतं.

"सोड ती वायर," मार्लिस म्हणाला.

"नको बाइके. परत रुसशील, आणि निस्तरायचं मलाच."

"सोड म्हणतो ना! मी नाही दिसलो तर काय बिघडलं? त्या जागेवर तू बस."

तिनं वायर सोडली. काच काळी झाली, कॉल मात्र चालूच होता. आपानं तो मॉनिटर उचलला, या खेपेला नीट उभा धरून, बाजूला ठेवला. गादी झटकली. मार्लिसपुढचं हाड बुरुलच्या हातात दिलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला.

बुरुल जन्मात पहिल्यांदा मानाच्या जागी बसली. हाड दोन्ही हातांनी धरून तिनं घाईघाईनं लचका तोडला.

"सावकाश खा," अंधारातून मार्लिस म्हणाला. "मला इथून दिसतंय."