हरीशभाऊला दिलेला बॉल

डोंगरकड्याहून हिंगोलीला जाणाऱ्या एस.टी.त धम्मानंद आणि हरीश एकाच बाकावर बसायचे. वारंगा फाट्यापर्यंत धम्मानंद त्याला ‘हरीशभाऊ’ म्हणायचा, अन् फाटा मागं पडला की ‘हऱ्या’. परतीला फाटा आला की हऱ्याचा पुन्हा हरीशभाऊ व्हायचा. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. उन्हातून सावलीत आलं की डोक्यावरचं फडकं आपोआप खांद्यावर येतं, तसं ते होतं.

गावात हरीश म्हणजे सोनाजी पाटलाचा पोरगा, आणि धम्मानंद म्हणजे त्याच सोनाजीच्या सालगड्याचा, जळबाचा. हिंगोलीत मात्र दोघंही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, होस्टेलवर राहून सुट्टीला गावी जाणारे, आणि कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीमचे गडी. ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. हिंगोली तेव्हा जिल्ह्याचं ठिकाण नव्हतं, परभणीतला एक तालुका होता.

सालगड्याचं साल गुढीपाडव्याला धरतात आणि पुढच्या पाडव्याला ते सुटतं. मालकानं ‘राह्य’ म्हणलं तर राहायचं, नाही म्हणलं तर गाडगी-मडकी उचलायची. धम्मानंद रांगत होता तेव्हापासून जळबाला सोनाजी दर पाडव्याला ‘राह्य’ म्हणत आला होता. बिऱ्हाडही मळ्यातल्या आखाड्यावरच. पत्र्याची एक खोली, तिला लागून बैलांचा कोठा. सोजराबाई, म्हणजे धम्मानंदची माय, म्हणायची, “बैल हाय तवर आपून हाव. बैलाला तरी बाजार दावतेत.”

त्याच आखाड्याच्या खळ्यावर दोघं खेळ शिकले. हरीशच्या मामानं नांदेडहून बॉल आणला. लिंबाला अन् गोठ्याच्या मेढीला कासरा बांधला, झालं नेट. मारायचं हरीशनं, उचलून द्यायचं धम्मानंदनं. बॉल हळदीच्या वाफ्यात गेला तर आणायचाही धम्मानंदनंच. असं आठ-दहा वर्षं उचलून दिल्यावर त्याच्या बोटांना असं वळण लागलं, की बॉल हाताला लागायचा तेव्हा आवाजच यायचा नाही.

कॉलेजातल्या खेळाच्या उत्तमराव सरांनी ते बरोबर हेरलं. धम्मानंदला त्यांनी लिफ्टर केलं. व्हॉलीबॉलमध्ये लिफ्टर म्हणजे बॉल उचलून देणारा. तीन हातांत बॉल पलीकडं धाडायचा असतो, त्यातला दुसरा हात त्याचाच. नेटवर तीन मारणारे उभे असतात, त्यातल्या कुणी मारायचं हे तो ठरवतो. टाळ्या मारणाऱ्याला पडतात, पण टीमचा हल्ला चालतो लिफ्टरच्या डोक्यानं.

पहिल्या वर्षी त्यांचा हल्ला काही चालला नाही. बसमत, परभणी, नांदेड, जिथं गेले तिथं मार खाऊन आले. हरीश उंच होता, शॉट त्याचा लोखंडी. पण समोरचे दोघं-तिघं आधीच त्याच्यापुढं ब्लॉक म्हणून हात वर करून भिंतीसारखे उभे. शॉट मारला की बॉल ह्यांच्याच छातीवर.

एका हरलेल्या मॅचनंतर उत्तमराव सरांनी धम्मानंदला बाजूला घेतलं.

“लालसिंग कुठं उभा होता?”

“मधी, सर.”

“त्याच्यापुढं कोन होतं?”

“कोनी न्हाई.”

“मग?”

धम्मानंद हातातला बॉल फिरवत राहिला.

“हे बघ,” सर म्हणाले, “तुझा पास पाहून राहिलो मी साल झालं. लालसिंगला देतूस तवा तुझी मान वळती. मागच्याला देतूस तवाबी वळती. हरीशला देतूस तवा तू बघतच न्हाईस. बॉल आपोआप जातो. त्याला लिफ्ट म्हनत न्हाईत, पाणी द्यायला जानं म्हनतेत.”

हे धम्मानंदला फार झोंबलं. होस्टेलवर जाऊन तो जेवला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून त्यानं लालसिंगला धरलं. लालसिंग सेनगावकडच्या तांड्यावरचा, डावऱ्या हाताचा, बुटका, आणि तोंडानं तिखट. त्याला उंच बॉल मानवायचा नाही. नेटच्या वर वीतभर बॉल आला की तो साप फणा काढावा तसा उठायचा आणि समोरच्यांचे हात वर यायच्या आत बॉल खाली. हे जमवायला दोघांनी दिवाळीपर्यंत सकाळी मैदान झाडलं. मैदान खरंच झाडावं लागायचं, रात्री तिथं गाढवं बसायची.

“दे बे वरती,” लालसिंग म्हणायचा. “तुह्या मालकाला देतूस तसा नको देऊ. त्यो देव हाय, नैवेद्याची वाट पाहत बसतो. मला भूक लागती.”

हिवाळ्यात टीमचा नूरच पालटला. धम्मानंद बॉलखाली जायचा, पाठ कुणाकडं, बोटं कुणाकडं, काही कळू द्यायचा नाही. कधी मध्ये लालसिंगला, कधी डोक्यावरून मागं. समोरचे एका बाजूला उडायचे, बॉल दुसऱ्या बाजूनं पडायचा. परभणीत जिंकले, बसमतला जिंकले. बघणारे म्हणायला लागले, ते सावळं पोरगं कोण, त्यानं अख्ख्या टीमला नाचवलं. धम्मानंदला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी ठरवतो आणि सहा माणसं त्याप्रमाणं चालतात. असं त्याच्या घरात कुणाला कधी वाटलं नव्हतं.

हरीशला बॉल मिळत होताच. पण पूर्वी दहातले आठ मिळायचे, आता तीन. आधी त्यानं ते हसण्यावारी नेलं. मग सरावाला उशिरा यायला लागला. नेटजवळ कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. भांडला असता तर बरं झालं असतं. एस.टी.त मात्र तो खिडकीबाहेर बघत बसायचा, आणि डोंगरकड्याला उतरताना धम्मानंदनं ‘येतो हरीशभाऊ’ म्हणलं की नुसती मान हलवायचा.

शिमग्याच्या आधी हिंगोलीत कॉलेजच्याच मैदानावर मोठी टूर्नामेंट ठेवली. त्याच्या चार दिवस अगोदर जळबा होस्टेलच्या फाटकाशी येऊन उभा. हळद शिजवायचे दिवस, हाताची बोटं नखांपर्यंत पिवळी. फडक्यात भाकरी अन् ठेचा.

“मायनं धाडलंय,” तो म्हणाला. मग बराच वेळ भिंतीवरची पाटी बघत राहिला. वाचता येत नव्हती तरी.

“काय झालं, बा?”

“काई न्हाई.” जळबानं फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. “मालक येनार हायेत म्हने तुमचा खेळ पाह्याला.”

“येऊ द्या की.”

“पाडवा आला.”

धम्मानंदनं फडकं त्याच्या हातातून घेतलं.

“औंदा काई बोलले न्हाईत अजून,” जळबा म्हणाला. “दरसाल शिमग्याच्या आधीच म्हनतेत, राह्य म्हनून. मला खेळातलं काई कळत न्हाई, लेकरा. पर तुह्याच हातात असंल तर... हरीशरावाला देत जाय जरासा. तेवढ्यानं तुव्हं काय कमी होतंय.”

बाप आजवर कधी त्याच्याकडं काही मागायला आला नव्हता. आणि आला तो हे मागायला. धम्मानंदनं बापाला एस.टी.त बसवून दिलं आणि सरावाला गेला. त्या दिवशी त्याच्या हातून बॉल दोनदा निसटला.

टूर्नामेंटीत ते शेवटच्या मॅचपर्यंत गेले. समोर नांदेडची टीम. मैदानाभोवती माणसांचं कडं पडलेलं, शेंगावाले, कुल्फीवाला, भिंतीवर बसलेली पोरं. सोनाजी पाटील पाहुण्यांच्या खुर्च्यांत, पांढरी टोपी, हातात काठी. धम्मानंदला तो दिसत होता, कारण त्याची खुर्ची नेटच्या बरोबर सरळ रेषेत होती.

एक सेट ह्यांचा, एक त्यांचा. तिसऱ्यात प्रत्येक बॉलला पॉइंट. लालसिंगनं त्या दिवशी कहर केला होता. धम्मानंदचा हात आणि त्याचा हात एकाच मनगटाला जोडल्यासारखे चालले होते. हरीशला त्या अख्ख्या सेटमध्ये दोनच बॉल मिळाले. ते मुद्दाम नव्हतं. पण मुद्दाम नव्हतं हे धम्मानंदला स्वतःलाच दर वेळी तपासून पाहावं लागत होतं. बापाचं ऐकायचं नाही म्हणून तर मी त्याला टाळत नाही ना? असं मनात घेऊन खेळणं म्हणजे पायात काटा घेऊन नांगरणं.

आणि मग तो बॉल आला. हे एका पॉइंटानं मागं, हा गेला की मॅच गेली. समोरची सर्व्हिस ह्यांच्या पोरानं झकास उचलली, पास नेटजवळ उंच आला. धम्मानंद त्याच्याखाली गेला. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यानं पाहिलं, लालसिंग पळत सुटला होता आणि समोरचे दोघं त्याच्याबरोबरच मध्ये सरकले होते. तिसराही झुकला. डाव्या टोकाला, हरीशच्या पुढं, नेटवर कुणीच नव्हतं. फाटक सताड उघडं.

असा बॉल लिफ्टरला आयुष्यात चार-दोन वेळा मिळतो. धम्मानंदच्या बोटांनी तो बिनआवाजी टोकाकडं सोडला. हातांनी काही चूक केली नाही. चूक केली ती तोंडानं. बॉल सोडता सोडता, मारणाऱ्याला सावध करायला लिफ्टर नाव घेतो तसं, तो ओरडला,

“हरीशभाऊ!”

हिंगोलीच्या मैदानात, भरल्या गर्दीत, हऱ्या नाही. हरीशभाऊ.

भिंतीवरची पोरं खदखदा हसली. कुणीतरी आवाज दिला, “लो मालिक, आप का बॉल.” हरीश कमरेवर हात ठेवून उभा होता. सेटभर बॉल आला नव्हता, आताही येणार नाही असं धरून चाललेला. नाव ऐकलं तेव्हा त्यानं आधी धम्मानंदच्या तोंडाकडं बघितलं आणि मग बॉलकडं. तेवढ्यात व्हायचं ते झालं. तो उशिरा उडाला, हात अर्धाच उघडला, बॉल नेटच्या पट्टीत बसला आणि सरळ खाली त्याच्याच पायाशी आला.

नांदेडची पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. लालसिंग जवळ येऊन एवढंच म्हणाला, “मी हवेत होतो बे. हवेत असताना तुला तुहा मालक याद आला?” आणि जर्सी काढून चालता झाला. उत्तमराव सरांनी बॉल पिशवीत भरायला घेतले. धम्मानंद त्यांच्यामागं गेला.

“सर, त्याच्यापुढं ब्लॉक नव्हता.”

“असंल,” सर म्हणाले. त्यांनी पाहिलं नव्हतं. ते लालसिंगकडं बघत होते. सगळेच लालसिंगकडं बघत होते. म्हणूनच तर तो बॉल बरोबर होता.

पुढं बऱ्याच वर्षांनी धम्मानंद सेनगावजवळच्या गोरेगावकडं एका शाळेत खेळाचा मास्तर झाला. पोरींची टीम त्यानं चांगली बांधली. तिथं त्यानं एक नियम घालून दिला होता, बॉल देताना तोंड उघडायचं नाही, बोटांनी खूण करायची. पोरी विचारायच्या, सर, बाकीच्या टीमा तर ओरडतेत. तो म्हणायचा, ओरडू द्या.

त्या साली मात्र शिमगा झाला. सोनाजीनं निरोप धाडला नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी जळबा आपणच गेला, धम्मानंदला सोबत घेऊन. सोनाजी ओट्यावर पान लावत बसला होता. आतल्या अंगाला खाटेवर हरीश, पेपर तोंडासमोर धरून.

“औंदा दुसरा गडी पाह्यलाय म्या, जळबा,” सोनाजी म्हणाला.

“काई चुकलं का, मालक?”

“तुव्हं काय चुकतंय. तुव्हं पोरगं हुशार झालं. माह्या पोराला साल-सहा महिने उपाशी ठेवलं, ते ठेवलं. मंग मला बसलेलं पाहून भाऊ म्हनून हाक मारली, अन् चारचौघांत तोंडावर पाडलं. समदी हिंगोली दात काढून राहिली होती.”

धम्मानंदच्या कानशिलांत ऊन चढलं. लालसिंगला वाटलं त्यानं मालकाचे पाय धरले, मालकाला वाटलं त्यानं फजिती केली. एकाच बॉलवर दोघं दोन बाजूंनी रागावले होते.

“मालक, बॉल बराबर होता,” तो म्हणाला. “हरीशभाऊला इचारा.”

सोनाजीनं मागं वळून पाहिलं. “काय रं?”

पेपर खाली आला. हरीशनं धम्मानंदकडं पाहिलं. त्याला माहीत होतं. नेट मोकळं होतं हे मैदानात दोघांनाच दिसलं होतं, देणाऱ्याला आणि मारणाऱ्याला. तो क्षणभर काहीतरी म्हणेल असं वाटलं.

“मला आठवत न्हाई आता,” हरीश म्हणाला, आणि पेपरचं पान उलटलं.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आखाडा सोडला. वस्तीतल्या एका भावकीवाल्यानं हातगाडा दिला होता. दोन पेट्या, भांडी, गोधड्या, भिंतीवरून उतरवलेली बुद्धाची अन् बाबासाहेबांची तसबीर, ती सोजराबाईनं लुगड्यात गुंडाळून स्वतःच्या काखेत धरलेली. ती पुढं चालत होती. बाप-लेक मागून गाडा ढकलत होते. चाक सारखं मुरमात रुतत होतं.

कॅनॉलच्या पुलाशी जळबा दम खायला थांबला.

“येक सांग मला. म्या तुला सांगून गेलतो, म्हनून देलास का त्याला?”

“न्हाई, बा. मोकळा होता त्यो.”

“खरं?”

“खरं.”

जळबानं मान हलवली. पिवळी बोटं गाड्याच्या दांडीवर घट्ट होती. तो म्हणाला, “मंग तोंडातून भाऊ काहून आलं?”

त्या दिवसापासून धम्मानंद हेच शोधत होता.

पुढून सोजराबाई मागं न वळता बोलली. “जल्मभर ज्याच्या खळ्यात बॉल येचले, त्याचं नाव आनखी कसं येनार तोंडात? चाक रुतू देऊ नका. ढकला.”