बापांचे सर

आमचे सर विद्यार्थ्यांशी त्यांच्या पुढच्या शिक्षणाबद्दल कधीच बोलत नसत. ते बापांशी बोलत. परतूरच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवत आणि वर्गात नेमके, मोजके बोलत. पण बारावीचा निकाल लागला की त्यांची मोटारसायकल गावोगाव फिरू लागे. ज्या घरातले मूल विज्ञानात काही करील असे त्यांना वाटे, त्या घरी जाऊन ते थेट बापाशेजारी बसत. इतर शिक्षक चेष्टा करत, "काय सर, आज कोणत्या बापाचा तास?" सर हेल्मेट उचलत आणि म्हणत, "पोरगं पास झालंय. बाप राह्यलाय." त्यांच्या निधनानंतर गावात जे बोलले गेले, त्यातही 'बापांचे सर' हेच नाव होते.

आमच्यासारख्या घरी ते 'जय भीम' म्हणत, पाटलांच्या घरी 'राम राम', आणि दोन्ही सारख्याच आवाजात. मुलाच्या गुणांचा विषय ते काढतच नसत. आधी बापाच्या कामाबद्दल विचारत, आणि त्यांना ते खरोखरच जाणून घ्यायचे असे. टेंभुर्णी हे त्यांचे मूळ गाव. तिथल्या एका शेतकऱ्याने त्यांना सुनावले होते, "मोटर जळाली तर मेकॅनिक बोलावतो मी. त्याच्यासाठी चार वर्षं कॉलेज कशाला, सर?"

"मेकॅनिक जल्दी येतो का?"

"ते इचारूच नका. उद्या येतो म्हणतो, अन् उद्या फोन बंद."

"मंग ज्याला मोटर कळती असं पोरगं घरात हाय, अन् तुम्ही त्याला दूध घालायला धाडून राह्यलात."

तो मुलगा पुढे विद्युत अभियंता झाला.

बोलण्याने काम झाले नाही, तर सर बापाला सोबत घेऊन कॉलेज दाखवायला नेत. कार्यशाळा, वसतिगृह, आणि शेवटी मेसमध्ये जेवण. असाच एक बाप जेवताना एक शब्द बोलला नाही. बाहेर आल्यावर म्हणाला, "वरण पातळ हाय. पण पोरं हसून राह्यलीत." सरांनी तोच होकार मानला. "आधी बाप दाखल झाला पाहिजे, मंग पोर," असे ते म्हणत. या पद्धतीने त्यांनी किती मुलांना वाटेला लावले, हे मला सांगता येणार नाही. परंतु आमच्या भागातल्या अनेक घरांत पहिला अभियंता, पहिली परिचारिका, पहिला प्रयोगशाळा-तंत्रज्ञ त्यांनी बापासोबत घेतलेल्या एखाद्या चहामुळे झाला, हे मी पाहिले आहे.

आमच्या घरीही ते आले. माझे वडील जिनिंग मिलमध्ये कामाला होते. सरांनी त्यांना यंत्रात सरकी कापसापासून कशी सुटते हे विचारले. वडिलांना असा प्रश्न आजवर कोणीही विचारला नव्हता. ते हातांनी यंत्र दाखवू लागले, आवाजही काढू लागले. तासाभराने मला औरंगाबादला संगणक अभियांत्रिकीला पाठवायचे ठरले. "तुम्ही म्हणता तर बराबर असंल, सर," वडील म्हणाले. आई चुलीजवळून म्हणाली, "पोरीला तर इचारा एकदा." सर हसले. "वहिनी, पोरं तयारच असतात. अवघड असतो तो बाप."

त्या वेळी घरामागे ओल्या गोणपाटात मी मिलमधली सरकी रुजत घातली होती. कोणते बी आधी फुटते, कोणते फुटतच नाही, हे पाहण्यापलीकडे मला कशाचीही ओढ नव्हती. मी दाराआड उभी होते आणि मोठ्या माणसांत बोलायचे धैर्य माझ्यात नव्हते. शिवाय वडील इतके आनंदात होते.

दुसऱ्या वर्षी मी परत आले. नापास होणे हे कारण होते, पण त्याआधी कितीतरी दिवस मी त्या वर्गात केवळ बसत होते. सर भेटायला आले. वडील रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "तुमची चूक न्हाई, सर. आमचंच नशीब." ते ऐकून सरांनी मान खाली घातली. मग ते प्रथमच माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तुला काय करायचं होतं गं?"

मी गोणपाटाची हकीकत सांगितली. सांगायला फार वेळ लागला नाही. पुढच्याच आठवड्यात सरांनी मला नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत नेले. या खेपेला त्यांनी बापाला नेले नाही, मला नेले. मी आजही तिथेच बियाण्यांची उगवण तपासते. पदवी नोकरी करता करता, तिशी उलटल्यावर घेतली. माझे नुकसान झाले असे मी म्हणणार नाही. नुकसान दुसरीकडेच झाले. त्यानंतर सर कोणाच्याही घरी गेले नाहीत. निकाल लागत, मोटारसायकल उभी राही, आणि ज्यांचे बाप राहिले होते ती मुले मिळेल त्या कॉलेजात जात.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या आरतीला इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला जायचे होते. तिचे वडील शिलाईचे दुकान चालवतात. वसतिगृहाचे नाव काढताच ते नको म्हणाले. मी टेंभुर्णीला गेले. निवृत्तीनंतर सर तिथेच राहत होते.

"पोरीला इचारलंस?" त्यांचा पहिला प्रश्न.

"विचारलं, सर. तिला बिलकुल पक्कं माहीत आहे."

"मंग अर्धं काम झालं."

"उरलेलं अर्धं तुमचं आहे."

त्यांनी मान हलवली. "न्हाई जमायचं आता. कोणत्याबी बापासमोर बसलो की मला तुझाच बाप दिसतो. तू जा."

मी गेले. दुकानात बसले. फी, शिष्यवृत्ती, वसतिगृहाचे नियम, सारे व्यवस्थित सांगितले. त्यांच्या पायाखाली मशीन चालू होते. सरांनी आधी त्या मशीनबद्दल विचारले असते, हे मला तिथे बसल्या बसल्या कळत होते आणि तरीही विचारता येत नव्हते. आरतीच्या वडिलांनी चहा मागवला, आदराने ऐकून घेतले आणि म्हणाले, "बघू, ताई." आरतीचे नाव जवळच्या कॉलेजात कला शाखेला घातले गेले.

काही दिवसांनी सरांचा फोन आला. आमचे ते शेवटचे बोलणे ठरले. "काय म्हणाला बाप?"

"'बघू' म्हणाले, सर."

ते हळू आवाजात म्हणाले, "'बघू' म्हणाला की उठायचं नसतं, बाई. बाप खरा बोलतो ते तिथून पुढं."

मी मात्र चहा संपताच उठले होते.