निंगप्पाने पास केलेली पिशवी

निंगप्पाची गाडी आठवड्यातले सहा दिवस चादरीखाली झोपायची आणि सातव्या दिवशी उठायला नकार द्यायची. चादरीही साध्या नव्हत्या. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात निंगप्पाने एकतीस वर्षं चेकर म्हणून काढली होती. गठ्ठे बांधण्याआधी सगळा माल त्याच्या नजरेखालून जायचा, आणि सुटलेला धागा किंवा वाकडी किनार दिसली की तो कापड बाजूला टाकायचा. असल्या मालाला कारखान्यात 'सेकंड' म्हणतात. गाडीवरचं पांघरूण चार सेकंड चादरी जोडून शिवलेलं होतं, आणि कोणत्या चादरीत कुठे दोष आहे हे तो आल्यागेल्याला बोट ठेवून दाखवायचा. गाडीतला दोष मात्र दाखवावा लागत नसे. तो गल्लीला पाठ होता.

गाडी जुनी, डिझेलवर चालणारी. बॅटरी बदलायला मेकॅनिकने दोनदा सांगितलं. निंगप्पाने ती चारी बाजूंनी न्याहाळली, फडक्याने पुसली आणि म्हणाला, "वरनं तर काय दिसत न्हाय. दोष दिसल्याबिगर रिजेक्ट कसं करू?"

त्यामुळे गाडी धक्क्यावर चालू व्हायची, आणि धक्का द्यायचा शेजारचा बाळासो. तो एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. मनाचा उदार. न बोलावता यायचा, बनियनवर यायचा, ढकलायचा. आणि संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर बसून त्या धक्क्याचं साग्रसंगीत वर्णन करायचा. "आज चौदा पावलांत उठवली," तो सांगायचा, "एष्ट्या ढकलल्यालं अंग हाय हे." निंगप्पा कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून पिंपळाची पानं तपासत असल्यासारखा वर बघायचा.

अशात बार्शीला लेकीच्या, दिपालीच्या, नव्या घराची वास्तुशांत ठरली. रविवारी, सव्वाअकराचा मुहूर्त. निंगप्पाने मनाशी पक्कं केलं, या खेपेला बाळासोचा हात गाडीला लागू द्यायचा नाही. लेकीच्या दारात माणसाने आपल्या बळावर जावं. बार्शीला एसटी जाते, हे त्याच्या बायकोने, गोजाबाईने, एकदा सांगून पाहिलं. पुन्हा सांगितलं नाही.

दिपालीच फोनवर म्हणाली होती, की बॅटरी उतरली तरी गाडी चालू करून देणारं वीटभर यंत्र मिळतं, जंप स्टार्टर म्हणतात, तेवढं घ्या. मग निंगप्पाने धागे मोजायचं आपलं जुनं भिंग खिशात टाकलं आणि सात रस्त्याजवळचं एक दुकान गाठलं.

दुकान संस्कृती नावाची तिशीतली बाई चालवायची. तिने काउंटरवर तीन यंत्रं मांडली आणि विचारलं, "काका, गाडी पेट्रोल का डिझेल?"

"ते सांगतो. आदी पिशव्या बगू."

"पिशव्या?"

"ह्येच्यासंगट येत्यात की."

संस्कृतीने पिशव्या दिल्या. निंगप्पाने भिंग लावलं. संस्कृती सांगत होती, की डिझेलचं इंजिन जड असतं, त्याला फिरवायला जास्त ताकद लागते, म्हणून हे लाल मोठं घ्या. हे काळं छोटं पेट्रोलच्या लहान गाड्यांना ठीक आहे. ती चांगलं समजावत होती. निंगप्पा लाल यंत्राच्या पिशवीची शिवण मोजत होता.

"तीन इंचात दोन टाके सुटल्यात," तो म्हणाला.

"काका, गाडी पिशवीवर चालू होत नाही."

"बाई, एकदा परदेशी जायचा अख्खा लॉट मी नुसत्या काठावरनं थांबवला हुता. मालक लई वराडला. उघडून बगितलं तर आतला निम्मा माल खराब. ज्येला भायेरचं शिवता येत न्हाय, त्यो आत काय भरत आसंल?"

गोष्ट खरी होती. त्या लॉटनंतर मालकाने त्याला खुर्ची दिली होती. तोवर तो उभ्याने तपासायचा. अशा माणसाला अँपिअर कोण शिकवणार? काळ्या यंत्राच्या पिशवीची शिवण सरळ, चेन गुळगुळीत, टाके इंचाला अकरा. निंगप्पाने काळं यंत्र पास केलं. संस्कृतीने पावती फाडताना पुन्हा विचारलं, "पेट्रोलच ना?" तो पिशवीच्या आतली शिवण बघत "हूं" म्हणाला.

घरी येऊन त्याने यंत्र रात्रभर चार्ज केलं आणि शनिवारी बाळासोला मुद्दाम दाखवलं. "आता तुला इश्रांती. उद्या गॅलरीतनंच टाटा कर."

"बगू तरी."

"लांबनं बग. हात घामट हायेत तुजे."

बाळासोने लांबूनच पाहिलं. "ब्येस हाय," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

रविवारी आठ वाजता गोजाबाई नवी साडी नेसून, पूजेचं ताट मांडीवर घेऊन गाडीत बसली. निंगप्पाने लाल चिमटा, काळा चिमटा जागच्या जागी लावला आणि किल्ली फिरवली. दिवे लागले. इंजिन टिक, टिक, टिक करून थांबलं. पुन्हा फिरवली. पुन्हा टिक, टिक.

"घड्याळ घरात हाय आपल्या," गोजाबाई म्हणाली. "दुसरं कशाला आणलं?"

निंगप्पाने खोक्यातला माहितीचा कागद काढला. अक्षरं मुंगीएवढी. त्याने भिंग लावलं, आणि पिशवीवर इतकं उपयोगी पडलेलं ते भिंग आता खालून तिसऱ्या ओळीवर थांबलं. डिझेल इंजिनासाठी वापरू नये.

त्याने वर पाहिलं. गॅलरीत बाळासो चहा पीत उभा होता. एरवी न बोलावता येणारा माणूस आज जागचा हलत नव्हता. विश्रांती दिली होती ना.

सव्वाआठ झाले. साडेआठ झाले. गोजाबाईने ताटातला नारळ नीट ठेवला आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "पोरगी दारात वाट बगत आसंल."

"बाळासो," निंगप्पाने हाक मारली, "च्या झाला का?"

"झाला."

"मग?"

"मग काय? मशीन हाय की तुज्याकडं."

"चालंना."

"दोष हाय व्हय मशीनमदी? कुटं?"

निंगप्पाने कागदाची घडी केली, भिंग खिशात ठेवलं. एकतीस वर्षांत जे बोलायची पाळी आली नव्हती ते बोलला. "मशीनमदी न्हाय. चेकरमदी हाय."

बाळासो हसला नाही. कप कठड्यावर ठेवून खाली आला, बनियनवर. नऊ पावलांत गाडी उठली.

"आन बार्शीत बंद पडली तर?" चालू झालेल्या गाडीतून गोजाबाईने विचारलं. प्रश्न बिनतोड होता. बाळासो पळत जाऊन सदरा घालून आला आणि मागच्या सीटवर बसला.

मुहूर्ताला बारा मिनिटं असताना ते पोचले. दारात दिपाली म्हणाली, "काका, तुमीबी आलात, लई बरं झालं."

"मी पावणा न्हाय," बाळासो म्हणाला. "मी दुसरं मशीन हाय."

परतताना त्याने आपला मोबाइल त्या काळ्या यंत्रावर चार्जिंगला लावला. त्या कामाला ते उत्तम होतं. मोहोळच्या अलीकडे त्याने पिशवी मांडीवर घेऊन उलटसुलट केली.

"पिशवी मातुर झकास हाय, निंगप्पा."

निंगप्पाने गिअर बदलला.

"इंचाला अकरा टाके," तो म्हणाला.