शनिवारी दुपारी केंड्रा घोरत होती

लॉरेल फोर्कच्या दरीतला रस्ता ओढ्याला चिकटून वर चढतो आणि बंद पडलेल्या खाणीच्या फाटकापाशी संपतो. त्या रस्त्यावर शाळेची पिवळी बस ड्रीमा लिली चालवायची. उंच, हाडापेराने दणकट बाई. आवाज असा की मागच्या बाकावरचं पोरगं खिडकीबाहेर काढलेला हात तिने नुसतं 'ए' म्हणताच आत घ्यायचं. पोरं तिला मिस ड्रीमा म्हणत आणि वचकून असत, पण सकाळी ज्याच्या पोटात काही गेलेलं नसेल त्याच्यासाठी तिच्या सीटखाली बिस्किटांचे पुडे असतात, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

तिचा नवरा व्हर्जिल खाणीत कामाला होता. छताचा एक थर पाठीवर आला तेव्हापासून तो खिडकीजवळच्या खुर्चीत होता. गावातल्या दवाखान्यातला डॉक्टर त्याला बरीच वर्षं दुखण्याच्या, अफूच्या जातीच्या गोळ्या देत असे. त्या दवाखान्यासमोर सकाळपासून गाड्यांची रांग लागायची, परराज्यातल्यासुद्धा. डॉक्टर पैसे घेऊन कुणालाही गोळ्या लिहून देतो म्हणून एक दिवस पोलिसांनी दवाखान्याला टाळं ठोकलं आणि व्हर्जिलच्या गोळ्या एका दिवसात बंद झाल्या. पाठीचं दुखणं काही बंद झालं नाही.

त्याच सुमारास व्हर्जिलच्या आईला, ओपलला, कॅन्सर झाला. तिची खाट पुढच्या खोलीत आणली. तिचं सगळं केलं ते नातीने, केंड्राने. सोळा वर्षांची पोर, शाळेच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणारी, तोंडाची भारी तिखट. पण ममॉजवळ, म्हणजे आजीजवळ, बसली की मऊ व्हायची. आजीचे केस विंचरायची, नखांना रंग लावायची, कुठली गोळी किती वाजता हे तिला पाठ होतं. एकदा पाळीत पोट धरून बसली होती, तर ओपलनेच आपल्यातली एक गोळी तिच्या हातावर ठेवली. "घे गं. मला दिवसभरात इतक्या देतात, एकीने काय होतंय." हे ड्रीमाच्या समोर झालं. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. दरीत साखर उसनी मागावी तशा गोळ्या मागत. दाढ दुखली की शेजारी, कंबर धरली की मावशी. डॉक्टरने लिहून दिलेलं औषध, त्याला कोण विष म्हणणार?

ओपल गेली तेव्हा शेजारची अर्डिथ दफनाला आली नाही. ती लिलींच्या घरी बसून राहिली, मांडीवर नवऱ्याची बंदूक घेऊन. हल्ली दरीत कॅन्सरने कुणी गेलं की लोक पेपरात दफनाची वेळ वाचून घर फोडत. टीव्हीला हात लावत नसत, फक्त औषधं नेत.

"कुणी आलं होतं का?" परतल्यावर ड्रीमाने विचारलं.

"एक गाडी हळू झाली होती," अर्डिथ म्हणाली. "मी पोर्चवर येऊन उभी राहिले. गेली पुढे."

दुसऱ्या दिवशी ओपलसाठी घरी येणारी नर्स आली आणि उरलेली औषधं मोजून तिने नष्ट केली. दुखण्याच्या गोळ्यांची एक बाटली तिला मिळाली नाही. ती ड्रीमाने आधीच उचलून पिठाच्या डब्यामागे ठेवली होती. व्हर्जिल पाठीमुळे खुर्चीतल्या खुर्चीत तळमळायचा, ते तिला बघवत नव्हतं. "अगदीच असह्य झालं तरच," तिने त्याला बजावलं. त्याने मान डोलावली. केंड्रा तेव्हा सिंकपाशी भांडी पुसत होती.

त्यानंतर केंड्राची झोप उडाली. पुढच्या खोलीतली खाट गेली तरी ती तिथे जाऊन जमिनीवर बसायची. चेहरा ओढलेला, जेवण नावाला. ड्रीमा म्हणायची, "आजीचं दुःख आहे, निघेल हळूहळू." आणि मग वसंतात पोरगी जरा निवळली. बोलू लागली, दुपारची झोपू लागली. ड्रीमाने मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

तो शनिवार होता. बँडची तालीम आटपून केंड्रा घरी आली, म्हणाली, "आई, मी जरा पडते," आणि आपल्या खोलीत गेली. ड्रीमाने घेवडा शिजत ठेवला होता, मक्याच्या पावाचं पीठ कालवत होती. थोड्या वेळाने खोलीतून घोरणं ऐकू यायला लागलं. खोल, खरखरीत, मध्येच थांबणारं, मग पुन्हा घशातून ओढून काढल्यासारखं.

व्हर्जिल खुर्चीतून हसला. "ऐकतेस का? पोरगी माझ्यावर गेलीय. बोगद्यात यंत्र घातल्यासारखी घोरतीय."

"तिच्या तोंडावर म्हणू नकोस हं," ड्रीमा म्हणाली. "आठवडाभर बोलणार नाही तुझ्याशी."

दोघं हसली. तिला बरं वाटलं होतं. पोरगी इतक्या दिवसांनी गाढ झोपलीय. व्हर्जिलचा टीव्ही तिला जागं करेल म्हणून ड्रीमा हात पुसत गेली आणि तिने खोलीचं दार अलगद ओढून घेतलं.

जेवायला उठवायला गेली तेव्हा खोली शांत होती. केंड्राचे ओठ निळे पडले होते.

अँब्युलन्स घेऊन आला तो डेन्व्हर, तिच्याच बसमधून शाळेला गेलेला मुलगा. त्याने जे करायचं ते सगळं केलं, आणि आता करण्यासारखं काही नाही हे ठाऊक असूनही बराच वेळ करत राहिला. मग उठताना त्याने विचारलं, "मिस ड्रीमा, ती घोरत होती का? मोठ्याने?"

"हो. का रे?"

डेन्व्हर आपली बॅग आवरू लागला. त्याला वाटलं आपण बोललो नसतो तर बरं. पण तिने त्याचा दंड असा धरला की त्याला सांगावंच लागलं. त्या गोळ्यांनी श्वास बुडायला लागला की असा आवाज येतो. ती झोप नसते. तेव्हा हलवून उठवलं, अँब्युलन्स बोलावली, तर पुष्कळदा माणूस हाती लागतो.

ड्रीमाने त्याचा दंड सोडला.

दफन झाल्यावर, लोकांनी आणलेले पदार्थांचे डबे अजून टेबलावरच असताना, व्हर्जिल भिंतीला धरत स्वयंपाकघरात आला. पिठाच्या डब्यामागे हात घालून त्याने ती बाटली काढली आणि तिच्यासमोर ठेवली. तळाशी थोड्याच गोळ्या होत्या.

"तू किती घेतल्यास?" ड्रीमाने विचारलं.

"दोनदाच घेतल्या. कमी होताना दिसत होत्या मला." तो खाली बघत होता. "मला वाटलं तू घेतेस. तुझी दाढ दुखत होती ना."

"मी एकही घेतली नाही, व्हर्जिल. मला वाटलं तू घेतोस. म्हटलं, विचारलं तर लाजेल."

बाटली दोघांच्या मध्ये तशीच होती. बाहेर अर्डिथ त्यांच्या कुत्र्याला खायला घालत होती, तिचं त्याच्याशी चाललेलं बोलणं आत ऐकू येत होतं. अर्डिथने घर राखलं होतं ते रस्त्यावरून येणाऱ्यांपासून.

ड्रीमा पुन्हा बसवर गेली. घरी थांबून काय करणार? रोज सकाळी ती आपल्याच घराच्या फाट्यावर बस थांबवायची, दार उघडायची, मग बंद करायची. आपण थांबलोय हे तिच्या लक्षातही यायचं नाही. पोरं त्या वेळी बोलायची थांबत. कुणी तिला हे सांगितलं नाही, घरी जाऊन आईबापांनाही नाही.

पण तो आवाज तिच्या मागे लागला. व्हर्जिलला खुर्चीत डुलकी लागून जरा घरघर झाली की ती हातातलं टाकून धावायची, त्याला गदागदा हलवायची. तो कधी चिडला नाही. डोळे उघडून म्हणायचा, "आहे मी. आहे." पुढेपुढे तर तो बसूनच झोपायला शिकला, मान पुढे टाकून, घोरू नये म्हणून. पाठीचे हाल व्हायचे. त्याने ते कधी बोलून दाखवलं नाही, पण तिला कळत होतं. घरात कुणी नसताना, कणीक मळताना, नळ सोडताना, तिला केंड्राच्या खोलीतून तेच ऐकू यायचं. ती जाऊन बघायची. ट्रॉम्बोनची पेटी, चादर, भिंतीवरचे फोटो. दार पुन्हा लावायला हात धजायचा नाही. ते दार त्या दिवसापासून उघडंच राहिलं.

मग एका सकाळी बसमध्ये, मागच्या बाकावर, कोल्बी मीडोज नावाचा थोराड पोरगा घोरायला लागला. ड्रीमाने बस भर रस्त्यात, वळणावर, थांबवली. मागे लाकडांचा ट्रक होता, त्याने कसाबसा ब्रेक मारला. ती धावत मागे गेली आणि तिने कोल्बीच्या थोबाडीत दोन दिल्या. "ऊठ. ऊठ म्हणते ना." पोरगा धडपडून उठला, त्याला काही कळेना. सर्दीने नाक चोंदलं होतं, एवढंच. लहान मुली रडायला लागल्या होत्या.

शाळेच्या बसगाड्यांच्या गॅरेजचा प्रमुख रे जीन हा तिचा जुना स्नेही. त्याने तिला समोर बसवलं. "ड्रीमा, त्या ट्रकने धडक दिली असती तर? मला तुझ्याकडून चावी घ्यावी लागेल."

"घे," ती म्हणाली. "मीही घेतली असती."

तिला बसगाड्या धुण्याचं काम दिलं. आणि चार दिवसांनी किराणा दुकानात कोल्बीची आई, रेनी, तिच्या समोर उभी राहिली. माणसं ऐकत होती.

"माझ्या पोराला हात लावलास तू. सगळ्यांदेखत. तुझं दुःख आहे ते मला कळतं, पण म्हणून—"

"तो घोरत होता," ड्रीमा म्हणाली.

"घोरत होता म्हणून मारायचं?"

"माझी केंड्रा घोरत होती. मी दार लावून घेतलं, तिची झोप मोडू नये म्हणून. ती मरत होती, रेनी, आणि आम्ही हसत होतो."

 कॅश काउंटरवरच्या मुलीने यंत्रावरचा हात काढला. मग रेनी, आवाज खाली आणून, एवढंच म्हणाली, "कसा असतो तो आवाज?"

तिचा थोरला, ट्रेस, त्या गोळ्यांच्या नादी लागला होता. ते सगळ्या दरीला माहीत होतं.

ड्रीमाने त्या दुकानात, पिठाच्या पोत्यांजवळ, डोळे मिटले आणि तो आवाज स्वतःच्या घशातून काढला. खोल, खरखरीत, थांबणारा. थांबायचं तेव्हा थांबली, आणि पुन्हा ओढला. दुकानातल्या कुणी तो ऐकला नव्हता, किंवा ऐकला होता आणि ओळखला नव्हता. एक म्हातारी टोपली तिथेच ठेवून निघून गेली. ओळखला असावा तिने.

त्यानंतर बायका येऊ लागल्या. पोर्चवर उभ्या राहत, इकडचं तिकडचं बोलत, मग विचारत. पाद्रीबुवांनी तिला चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये बोलावलं. डेन्व्हर आला, त्याने औषधाचं काय होतं ते सांगितलं, त्या गोळ्यांचा असर उतरवणारा, नाकात मारायचा फवारा दाखवला. त्याचं बोलणं लोकांनी शांतपणे ऐकलं. मग ड्रीमा उभी राहिली आणि तिने आवाज काढला. व्हर्जिल काठी टेकत आला होता. तो उठला, भिंत धरत जिना चढला आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभा राहिला. त्याला तो आवाज परत ऐकवेना.

घरी जाताना गाडीत तो म्हणाला, "तू करत जा. मी येणार नाही."

"बरं."

"करत जा तू," तो पुन्हा म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात रेनीने ट्रेसला न्हाणीघराच्या फरशीवरून परत आणलं. बाहेरून आवाज ऐकला, दार खांद्याने फोडलं. सगळीच अशी वाचली नाहीत. कुणी एकटं होतं, कुणाच्या घरचे कामावर होते. पण ट्रेस वाचला, आणि वसंतात एक दिवस ड्रीमाच्या पोर्चसमोर येऊन उभा राहिला. हडकुळा, खिशात हात घालून.

"आईने सांगितलं की जाऊन भेट," तो म्हणाला. "मला काय बोलायचं ते कळत नाहीये."

ड्रीमा जाळीच्या दारामागे उभी होती. तिला वाटलं होतं असं कुणी आलं की आपल्याला आनंद होईल, छातीवरचं काहीतरी उतरेल. तसं काही झालं नाही. तिने त्याच्याकडे बघितलं, त्याच्या श्वासाने खालीवर होणाऱ्या शर्टाकडे, आणि तिच्या मनात आलं, रेनीला तो आवाज कळला, मग मला का नाही कळला. इतका कडवटपणा आपल्यात आहे हे तिला माहीत नव्हतं.

"काही बोलू नकोस," ती म्हणाली. "घरी जा. आईजवळ बस."

तो गेला.  मग आत येऊन तिने तोंड धुतलं, बूट घातले. दरीच्या पलीकडच्या चर्चमध्ये त्या दुपारी बायका जमणार होत्या. व्हर्जिलने गाडीची चावी तिच्या हातात दिली.

"पाणी ने बरोबर," तो म्हणाला. "नंतर तुझा घसा धरतो."