सरकवहिनी

वहिनींना निवांत बसलेलं मी कधी पाहिलं नाही. जेवतानासुद्धा त्या उकिडव्या बसायच्या, जणू अर्ध्या ताटावरून उठून कुठेतरी धावायचं आहे. नगरला दिल्ली दरवाज्याजवळ आम्ही मायलेकी भाड्यानं राहत होतो, तिथे वरच्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं. वरची जमीन लाकडी फळ्यांची. त्यामुळे वहिनींनी काय कुठे सरकवलं ते आम्हाला खाली बसल्या जागी कळायचं. सकाळी पलंग खिडकीशी, दुपारी कपाट दाराशी, संध्याकाळी पलंग परत भिंतीला. माझ्या आईनंच त्यांचं नाव सरकवहिनी ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "काकू, एका जागी ठिवलं की वस्तू आंबती बघा."

माहेर काष्टीचं. बोलणं मोकळं, आवाज खणखणीत. त्यांचे यजमान अण्णा नागापूरच्या एका कारखान्यात पत्रे ठोकायच्या मशीनवर होते. माणूस अगदी शांत. त्या शांतपणाचंच वहिनींना वावडं होतं. "ह्यांच्याशी बोलायचं म्हंजी भितीशी बोलायचं," त्या काम करता करता म्हणायच्या. "हाका मारून घसा बसतो, तवा कुठं एकदा ओ मिळती."

ही सत्तर-एकाहत्तरची गोष्ट. अण्णांना गाण्याचा नाद होता. त्या दिवाळीनंतर त्यांनी रेकॉर्ड प्लेअर आणला आणि ओळखीच्या सुताराकडून करून घेतलेले, कमरेइतक्या उंचीचे दोन स्पीकर. ते थेट फळ्यांवर उभे केले आणि पहिली रेकॉर्ड लावली. खाली आम्हाला गाणं असं ऐकू आलंच नाही, नुसता घुमारा. मांडणीवरची भांडी थरथरायला लागली, दिव्याची काच वाजायला लागली. आईनं छातीवर हात ठेवला. मी वर जायला निघाले तर जिन्यातच वहिनी भेटल्या.

"तुमी काय सांगनार ते मला म्हाईत हाय ताई. माझ्याबी पायात मुंग्या आल्यात. गानारी बाई काय म्हनती त्येचा एक शबुद कळंना."

अण्णांचं म्हणणं वेगळं होतं. आवाज कसा भरदार पाहिजे! ते जमिनीवर बसायचे, दोन्ही तळवे फळ्यांवर टेकून, डोळे मिटून.

मग वहिनींनी मनावर घेतलं. अण्णा कामावर गेले की त्यांचा खटाटोप सुरू. आधी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढले. वरून त्यांची हाक यायची, "आता?" खालून मी ओरडायची, "अजून घुमतंय!" मग त्या पुन्हा ओढायच्या. कोपरा सुटल्यावर थोडा फरक पडला. मग खाली गोधडी घातली, तर ते डुलायला लागले. स्पीकरच्या पाठीला असलेल्या भोकात जुन्या गादीचा कापूस कोंबला, तेव्हा घुमारा जरा दबला. एका दुपारी त्या घरभर टाचा आपटत हिंडल्या. आईला वाटलं, भांडण झालं. तर वहिनी खाली येऊन सांगतात, "मधल्या फळ्या ढोलावानी हायेत काकू. तुळया भितीत जात्यात ना, तिथं जमीन गप हाय." स्पीकर त्या गप्प जमिनीवर गेले, पण भिंतीला चिकटवून नाहीत, चांगले हातभर पुढे. तरी त्यांचं समाधान होईना. शेवटी शहाबादी फरशीचे दोन तुकडे आणले. मी आणि त्यांनी ते धापा टाकत जिन्यानं वर नेले. खाली ट्यूबच्या रबराचे तुकडे, त्यावर फरशी, फरशीवर स्पीकर.

रेकॉर्ड लावली आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. तबल्याचं एकेक बोट वेगळं ऐकू येत होतं. गाणारीनं श्वास घेतलेला कळत होता. खालची भांडी गप्प होती. आई जिना चढून वर आली आणि म्हणाली, "अगंबाई, हेच का ते गाणं?"

संध्याकाळी अण्णा आले. वहिनींनी आम्हाला मुद्दाम चहाला थांबवून घेतलं होतं. अण्णा नेहमीसारखे तळवे टेकून बसले. वहिनींनी रेकॉर्ड लावली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या.

थोड्या वेळानं अण्णा म्हणाले, "लाव की आता."

"लावलीया की."

अण्णांनी फिरणाऱ्या तबकडीकडे पाहिलं. मग उठून एका स्पीकरला कान लावला. "बिघडलं काय हे? लांब कुठंतरी चालल्यावानी वाटतंय."

वहिनी हळूच त्यांच्या पाठीमागे गेल्या आणि त्यांनी नवऱ्याला नावानं हाक मारली. आमच्यादेखत. त्या काळी कुठली बाई असं करायची नाही. अण्णांनी मान वळवली नाही. वहिनींनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. अण्णा स्पीकरच्या मागचा कापूस बोटानं चाचपत राहिले.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, पत्र्याच्या आवाजानं कानाची नस गेली आहे. बारीक आवाज आधी जातात, जाडे मागे राहतात. गेलेलं येणार नाही, राहिलंय ते सांभाळा. अण्णा आईला म्हणाले, "मला वाटायचं, सगळेच हळू बोलाया लागलेत. फळीवर हात ठेवला की ताल तेवढा कळायचा."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी फरश्या काढल्या, कापूस उपसला, स्पीकर पुन्हा मधल्या फळ्यांवर आणले. मग खाली आल्या. "काकू, सांजच्याला थोडा येळ तुमची भांडी वाजतील. चालंल का?" त्या दिवसापासून अण्णांच्या येण्याच्या सुमारास आई मांडणीवरची भांडी उतरवून घोंगडीवर ठेवायला लागली.

वहिनींची तगमग मात्र वाढतच गेली. काम बदलून मागायला त्या स्वतः कारखान्याच्या फाटकावर जाऊन आल्या. जमलं नाही. अण्णा नोकरी सोडायला तयार नव्हते. "हातात दुसरं काम काय हाय माझ्या?" ते विचारायचे. वहिनी राहुरीला गेल्या, काष्टीला गेल्या, नातलगांची दारं ठोठावली. अखेर राहुरीकडे अण्णांच्या चुलतभावाच्या रोपवाटिकेत सोय लागली आणि टेम्पोत सामान घालून दोघं निघून गेली.

काही वर्षांनी मी त्यांना भेटायला गेले. अण्णांना आता फारसं ऐकू येत नव्हतं, पण चेहरा उजळला होता. वहिनींचं बोलणं बदललं होतं. बोलायच्या आधी त्या हातातलं काम ठेवून अण्णांच्या समोर जाऊन उभ्या राहायच्या. "जलमभर मी सामान वढता वढता ह्यांच्या पाठीशी बोलले," त्या मला म्हणाल्या. "आन् वरनं मीच रुसून बसायची, की ह्ये ऐकत न्हाईत."

परतताना दोघंही एस.टी. स्टँडवर आली. मी खिडकीशी बसले, मला दिलेली रोपांची पाटी ठेवायला अण्णा माझ्यामागोमाग गाडीत चढले. वहिनी खाली खिडकीपाशी उभ्या होत्या. तेवढ्यात ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. वहिनी मला काहीतरी सांगत होत्या, हातवारे करत होत्या, पण त्या घरघरीत मला एक अक्षर कळेना. मी नुसती मान हलवत राहिले.

अण्णा माझ्या खांद्यावरून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "ती म्हनतीय, पोचल्यावर कार्ड टाका," ते म्हणाले. "आन् पुढच्या खेपेला काकूंना संगं घिऊन या."

मग पाटी सीटखाली नीट सरकवून ते खाली उतरले.