मिशनच्या दवाखान्यात आई

अगं पोरी, जवळ सरक. आजीला असं विसरतं का कुणी? आज फरशीवर फिनेल टाकलं अन् मिशनचा दवाखाना आठवला.

निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतर आई तापानं तिथं पडलेली. माझे वडील धामधुमीत सिल्लोडजवळ मारले गेले होते, पण काकूनं बजावलेलं, "ती बरी होईस्तोवर बोलायचं नाय."

गोऱ्या नर्सबाईंच्या कपाळाला कुंकू नाही, हातात बांगडी नाही. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या बायका दागिनाच घालत नसत. आई कळवळली, "एवढ्या लहान वयात कपाळ पांढरं झालं गं तुझं."

बाईंना मराठी यायची, वडिलांचंही ठाऊक होतं. त्या आईचा बांगड्या भरलेला हात धरून बसून राहिल्या.

तेव्हा वाटलं, आई त्यांना धीर देतीय.

पुढल्या खेपेला मुक्कामाला ये. लवकर ये गं.