उपास होता म्हणून

पाथरीत आमचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. ते चालवायचे अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि रक्त द्यायला ते कायम एका पायावर तयार. शिबिर लागल्याचं कळायचा अवकाश, दुकान आईच्या गळ्यात टाकून हे निघाले. परत आल्यावर हातावरची पट्टी दोन दिवस काढायची नाही, गिऱ्हाइकाला दिसली पाहिजे! "हिरीचं पाणी उपसलं की खालून ताजं पाझरतंय. रक्ताचं बी तसंच हाय. देणाऱ्याला काय बी होत न्हाई," हे पेंड तोलता तोलता ते येईल त्याला ऐकवायचे.

मला त्या विहिरीचा वीट आला होता. पण माणूस खरंच ठणठणीत होता, त्यामुळं बोलायची सोय नव्हती. शिबिरात दर वेळी वजन व्हायचं, बीपी बघायचे, बोटाला टोचून रक्त पुरेसं आहे का ते तपासायचे. अण्णांना ही सगळी मधली कटकट वाटायची. "घ्यायचं तर घ्या की, बोटं काय टोचायलाव," म्हणून वैतागायचे.

आमच्याकडं श्रावणातल्या एका सोमवारी महादेवाच्या देवळात शिबिर असतं. त्या दिवशी सगळं गाव देवळात येतं म्हणून तो दिवस धरलेला. सगळ्या गावाला उपास असतो, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. डॉक्टर सांगतात जेवून या, आणि लोक साबुदाण्याची खिचडी खाऊन रांगेत उभे राहतात. रक्त दिल्यावर बिस्किटांऐवजी राजगिऱ्याचा लाडू मिळतो.

तीन वर्षांपूर्वी अण्णांना तिथून परत पाठवलं. मी शेजारीच होते. "काका, रक्त बरंच कमी झालंय," डॉक्टर बाई म्हणाल्या. "पुरुषाचं एवढं उतरलं तर कारण शोधावं लागतं. दवाखान्यात दाखवून घ्या."

"श्रावण हाय बाई. उपास चालूयत," अण्णा हसून म्हणाले. रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. उपासानं रक्त असं उतरत नाही, असं बाई सांगत होत्या, पण ऐकतो कोण?

घरी बीट आलं, गूळ-शेंगदाणे आले. दिवाळीतल्या शिबिरात नाव लागलंच पाहिजे म्हणून अण्णा नाक मुरडत बीट खायचे. श्रावण संपला, उपास संपले, तरी पोतं उचलताना त्यांना धाप लागायची. मग ते पोत्यावरच बसून राहायचे आणि आईनं विचारलं की म्हणायचे, "उपासाचा थकवा हाय, निघंल हळूहळू."

दिवाळीत दुकानातच चक्कर येऊन पडले. परभणीच्या दवाखान्यात कळलं, आतड्यात गाठ होती आणि तिथून कितीतरी महिने रक्त झिरपत होतं. आता त्यांनाच रक्त चढवायला लागले. अण्णा त्या पिशवीकडं बघत पडून होते. म्हणाले, "बोट टोचून सांगितलं होतं की मला."

उन्हाळ्यात अण्णा गेले.

मला अजून त्यांचा राग येतो. रक्त दिल्यानं माणूस निरोगी राहतो का, मला ठाऊक नाही. पण त्या एका थेंबानं त्यांना वेळेवर जागं केलं होतं. इतकी वर्षं रक्त देऊन पदरात पडणारा खरा फायदा तोच होता, आणि तो त्यांनी हसण्यावारी नेला. राग आला की मागोमाग रडू येतं, मग दोन्ही आवरत बसते.

यंदा देवळातल्या शिबिराला मी रक्त द्यायला गेले, तर आई माझ्यामागं रांगेत. जन्मात कधी तिनं रक्त दिलं नव्हतं. तिची पाळी आली तेव्हा तिनं बोट पुढं केलं आणि म्हणाली, "मला द्यायचं न्हाई झेपायचं. निस्तं तपासून सांगा."

थेंब घेतला, तपासला. कमी निघालं. मागून शेजारची बाई लगेच म्हणाली, "उपास हाय ना वैनी, म्हणून आसंल."

"न्हाई," आई म्हणाली. "भाकर खाऊन आले मी."

त्या दिवसापर्यंत आईनं एकही श्रावणी सोमवार मोडला नव्हता.